सांघिक अडथळ्यांची शर्यत

आमच्या हायस्कुलाच्या वार्षिक खेळांत अडथळ्यांची शर्यत ही फार जुनी आहे. पोत्यांत पाय घालून उड्या मारणें, आडव्या ठेवलेल्या शिडीच्या पायऱ्यांतून सरपटत जाणें, जाळ्याखालून निघणें आणि शेवटीं ताटांतील पिठांत तोंड घालून गोळी काढणें, हा तिचा ठरलेला क्रम. आणि पिठानें माखलेलीं तोंडें पाहून पालकमंडळींनीं पोट धरून हंसावें, हेंही ठरलेलेंच. या शर्यतीवर कोणी लेख लिहावा असें तींत कांहीं नाहीं. परंतु गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुट्टीनंतर इयत्ता नववीचे कांहीं विद्यार्थी प्रस्तुत लेखकाकडे आले व म्हणाले, “सर, यंदा आपण टीमची शर्यत घेऊं या. टी.व्ही.वर असते तशी.” ती कशी असते हें मला ठाऊक नव्हतें. तेव्हां त्यांनीं मला ती दाखविली, मीं तिजबद्दल थोडें वाचलें, आणि मग आम्हीं ती शर्यत घेतलीही. तिच्यांत काय आढळलें तें विद्यार्थ्यांस आणि विशेषतः पालकांस कळावें म्हणून हा लेख.

मुलांनीं दाखविलेला कार्यक्रम ‘सर्व्हायव्हर’ नांवाचा होता. त्याचा प्रथम प्रयोग स्वीडन देशांत १९९७ सालीं झाला, अमेरिकेंत तो २००० सालीं सुरू झाला, आणि २०१२ सालीं फिलिपाइन्समधील काराम्वान येथें चित्रित झालेली त्याची हिंदी आवृत्तिही आपल्याकडे दिसली. कांहीं स्त्री-पुरुष दोन तट करून निर्जन जागीं राहतात व वेळोवेळीं त्यांच्यांत सामने होतात. त्यांतील नेहमींचा सामना म्हणजे अडथळ्यांचा मार्ग: चिखल, जाळीं, डोलणारे ओंडके, लांकडी भिंती ओलांडीत दोन्ही तट धांवतात आणि शेवटीं बहुधा एक कोडें सोडवितात. आमच्या मुलांस त्यांतील उड्या आवडल्या होत्या. मला त्यांतील एक नियम फार आवडला व दुसरा फार खटकला. आवडलेला आधीं सांगतों.

पुष्कळ वेळां असें असतें कीं, तटांतील शेवटचा मनुष्य अडथळा ओलांडून येईपर्यंत त्या तटास पुढच्या कामास हात लावतां येत नाहीं. पहिला कोण आला हें कोणी विचारीत नाहीं. शेवटचा केव्हां आला हें विचारतात. एवढ्या एका नियमानें सारा खेळच पालटतो. समजा, संघांत ६ गडी आहेत. एकेकटे धांवले तर त्यांपैकीं पांचांस प्रत्येकीं ५० सेकंद लागतात व सहाव्यास ९० सेकंद. सर्व एकदम सुटले, तर संघाची वेळ किती? ५० नव्हे, सरासरीही नव्हे, ९०. आतां सर्वांत चपळ गड्यानें महिनाभर मेहनत करून आपली वेळ ४० वर आणली, तर संघाची वेळ कितीनें सुधारली? मुळींच नाहीं. उलट पांचांपैकीं दोघांनीं आपले ५ सेकंद गमावून सहाव्यास हात दिला आणि त्याचे ९० चे ७० झाले, तर संघास २० सेकंदांचा लाभ झाला. हें गणित मीं वर्गांत फळ्यावर मांडलें, तेव्हां एका विद्यार्थिनीनें विचारलें, “मग सर, चपळ मुलानें लवकर पोंचून उपयोग काय?” प्रश्न उत्तम होता. लवकर पोंचल्यानें तो मोकळा होतो, व मोकळ्या हातांचें काम मागें पुष्कळ शिल्लक असतें, इतकाच त्याचा उपयोग.

आतां ही शर्यत टेलिव्हिजनवाल्यांनीं शोधून काढली असें मात्र कोणी समजूं नये. अडथळे रचून शरीर कमावण्याची चाल सैन्यांत पूर्वींपासून आहे. तिला पद्धतशीर रूप देणाऱ्यांत जॉर्ज एबेर या फ्रेंच आरमारी अधिकाऱ्याचें नांव अग्रभागीं येतें. १९०२ च्या मे महिन्यांत वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर माँ पेले या ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि सें पिएर हें शहर पाहतां पाहतां भस्मसात झालें. त्या प्रसंगीं लोकांस वांचविण्याच्या कामीं एबेर होता. पुढें त्यानें चालणें, धांवणें, चढणें, तोल सांभाळणें, ओझें उचलणें, पोहणें अशा स्वाभाविक हालचालींची एक शिक्षणपद्धति बसविली, आणि ‘उपयोगी पडण्यासाठीं बलवान व्हा’ असें तिचें ब्रीद ठेविलें. फ्रेंच सैन्यांतील अडथळ्यांच्या मार्गावर त्याच पद्धतीचा ठसा आहे. आपल्याकडे १९४८ च्या कायद्यानें राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली. तिच्या शिबिरास गेलेल्या विद्यार्थ्यांस तोल सांभाळून चालावयाची अरुंद फळी, उंच भिंत, जोडखंदक हे अडथळे परिचयाचे आहेत. पण तेथें बहुतेक प्रत्येकानें आपापला अडथळा ओलांडावयाचा असतो.

खरोखर सांघिक म्हणावी अशी शर्यत पाहावयाची तर ती सैन्यांतील अधिकारी निवडणाऱ्या मंडळापुढें. आमच्याच जिल्ह्यांत खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तेथें जाऊं इच्छिणाऱ्या प्रत्येकास लेखी परीक्षेनंतर या मंडळापुढें कित्येक दिवस काढावे लागतात. (मुलींनीं असल्या धांवपळीच्या खेळांत उतरावें कीं नाहीं असा किंतु ज्या पालकांच्या मनांत असेल त्यांस एवढेंच सांगतों कीं, २०२५ च्या मे महिन्यांत त्या प्रबोधिनींतून १७ तरुणींची पहिली तुकडी शिक्षण पुरें करून बाहेर पडली.) तेथील गट-अडथळा-शर्यतींत आठ-दहा उमेदवारांचा एकेक गट करतात. गटास एक लांब, गुंडाळलेलें, जड ओझें देतात. त्याला ‘साप’ म्हणतात. हा साप बरोबर घेऊन सर्व गटानें एकामागून एक अडथळे ओलांडावयाचे. आणि गटांतील सर्व माणसें अलीकडून पलीकडे आल्याशिवाय पुढच्या अडथळ्याकडे जावयाचें नाहीं. गटास नायक नेमलेला नसतो. कोणी पुढें व्हावें, कोणी मागें राहावें, हें ज्याचें त्यानें पाहावयाचें.

यांत मौज अशी कीं, आपला गट पहिला आला म्हणून त्यांतील सर्व निवडले जातात असें नाहीं, व मागें राहिला म्हणून सर्व नापास होतात असेंही नाहीं. बाजूला उभा असलेला अधिकारी घड्याळापेक्षां माणसांकडे अधिक पाहतो: भिंतीवर चढल्यावर मागें वळून हात कोणी दिला, सापाचें टोंक कोणी उचललें, नुसता ओरडा कोणी केला. दुसऱ्या महायुद्धांत केवळ मुलाखतीवरून अधिकारी नीट निवडले जात नाहींत असें दिसून आल्यावर ब्रिटिश सैन्यानें १९४२ सालीं अशीं मंडळें स्थापिलीं. नायक न नेमलेल्या गटास काम देऊन त्याची वागणूक पाहण्याची युक्ति विल्फ्रेड बायॉन या मनोवैद्याची. हिंदुस्थानांत ही पद्धति १९४३ सालीं आली व ती अद्याप चालू आहे.

टेलिव्हिजनवरील खेळांतील जो नियम मला खटकला तो आतां सांगतां येईल. एका तटाकडे माणसें जास्त झालीं, तर संख्या सारखी करण्यासाठीं त्या तटानें आपल्यापैकीं कोणास तरी बाहेर बसवावयाचें असतें. बाहेर कोण बसतो? सहसा जो जड, जो मंद तोच. आणि हरलेल्या तटानें रात्रीं मतें देऊन आपल्यांतील एकास घरीं पाठवावयाचें असतें. तेथेंही त्याच्याच नांवाकडे बोटें वळतात. करमणुकीच्या धंद्याला रडणें आणि भांडणें लागतात, हें मी समजूं शकतों. पण मुलें खेळ पाहतांना नियमही शिकतात, आणि हा नियम तीं न शिकवितां शिकतात. आणखी एक गोष्ट पडद्यावर दिसत नाहीं ती पालकांनीं मुलांस अवश्य सांगावी. त्या कार्यक्रमांत स्पर्धक येण्यापूर्वीं दुसरी तरुण मंडळी तोच मार्ग ओलांडून त्याची परीक्षा घेतात. आपल्या मुलांनीं पडद्यावरची उडी पाहून कॅनॉलच्या भरावावरून तशीच मारूं नये.

अडथळ्यांची उणीव म्हणाल तर आपल्या बारामती-इंदापूर भागांत ती मुळींच नाहीं. पालखीच्या दिवसांत तुकाराममहाराजांचा रथ बारामतीकडे येतांना रोटीचा घाट चढतो, तेव्हां जादा बैलजोड्या जुंपतात, हें येथील लहान मुलासही ठाऊक आहे. घाटाच्या पायथ्याशीं जोड वाढविणें हा बैलाचा अपमान आहे असें कोणी म्हणत नाहीं. दुसरा अडथळा याहून रोजचा. गळिताच्या हंगामांत उसाच्या फडांत उभे राहून पाहावें. एक तोडतो, एक मोळी बांधतो, आणि मग ती मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढावयाचें. फळी पायाखालीं लवते, हातांनीं मोळी धरलेली असते, खालीं चिखल असतो. तोल सांभाळण्याची फळी म्हणतात ती हीच. फरक इतकाच कीं ही कोणी करमणुकीसाठीं ठेवलेली नाहीं, आणि तिच्यावरून पडल्यास शिटी वाजत नाहीं. ऊसतोडणीच्या धंद्यांत नवराबायकोच्या जोडीस मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. दोघांचें काम एक धरून मोजण्याची ही रीत मला पुष्कळदां विचारांत पाडते.

असो. आतां भिंतीकडे वळूं. कारण सांघिक शर्यतीचें सारें मर्म भिंतीपाशीं कळतें. जाळें, खंदक, फळी हीं ज्याचीं त्यानें ओलांडतां येतात. भिंत तशी नाहीं. नववीच्या ५ फूट ४ इंच उंचीच्या मुलानें हात वर केला तर तो सुमारें पावणेसात फुटांपर्यंत पोंचतो. उडीचा दीड फूट धरला तर सव्वाआठ फूट झाले. भिंत १० फुटांची असेल तर तिच्या माथ्यास त्याचें बोट लागणें शक्य नाहीं. मग सहा जणांनीं ती कशी ओलांडावी?

दोघांनीं भिंतीस पाठ लावून, गुडघे किंचित् वांकवून उभें राहावें व दोन्ही हातांचे पंजे एकांत एक गुंतवून पायरी करावी. तिसऱ्यानें त्या पायरीवर पाय ठेवून खांद्यावर चढावें आणि माथा धरून वर जावें. वर गेल्यावर खालीं उडी न टाकतां त्यानें भिंतीच्या माथ्यावर पालथें पडून हात खालीं सोडावे. असा हात माथ्यापासून सुमारें दोन फूट खालीं येतो, म्हणजे जमिनीपासून ८ फुटांवर. आणि खालच्याची उडी सव्वाआठ फुटांची आहे हें आपण पाहिलेंच. या तीन इंचांवर शेवटच्या गड्याचें सारें भवितव्य लोंबत असतें. हात धरतांना पंजांत पंजा घालूं नये. एकमेकांचें मनगट धरावें. पंजा घामानें निसटतो. मनगटाच्या पकडींत एकाची पकड सैल झाली तरी दुसऱ्याची उरते.

पण याहून महत्त्वाचा प्रश्न क्रमाचा. कोणी आधीं चढावें? मुलांस विचाराल तर तीं म्हणतात, “जाड्याला आधीं ढकलूं, म्हणजे सुटलों.” हें चूक आहे. पहिल्या गड्यास वर खेंचणारा कोणी नसतो. खालून जें बळ मिळेल तेवढ्यावर त्यानें जावयाचें, आणि वर जाऊन पुन्हा इतरांस ओढावयाचें. म्हणून पहिला व दुसरा हे दंडांत जोर असलेले, चपळ असे हवेत. शेवटच्याची स्थिति याच्या उलट. त्यास खालून आधार देणारा उरत नाहीं. वरच्यांनीं त्याचें सर्व वजन घ्यावयाचें. तेव्हां शेवटचा उंच, अंगानें हलका व उडीचा चांगला असावा. मग जड किंवा दुबळा गडी कोठें? मधोमध. तिसरा किंवा चौथा. त्या वेळीं वर दोघे ओढणारे असतात व खालीं दोघे ढकलणारे असतात. साऱ्या शर्यतींत दोन्हीकडून मदत मिळण्याची वेळ तेवढीच. ५५ किलो वजनाचा मुलगा त्या क्षणीं कोणासच ५५ किलोचा वाटत नाहीं.

कोरियांतील ‘फिजिकल: १००’ या २०२३ सालच्या स्पर्धेंत जांग उन-सिल या कुस्तीगीर स्त्रीच्या संघास सर्वांनीं कमजोर ठरविलें होतें. पूल बांधून त्यावरून वाळू वाहून नेण्याचा सामना होता. तिच्या संघानें पूल कसा रचावा याचा विचार नीट केला आणि आपल्याहून बलिष्ठ दिसणाऱ्या संघास हरविलें. मुलांनीं पाहावयाचेंच असेल तर हें पाहावें.

वर लिहिलेला क्रमाचा नियम मी आधींपासून जाणत होतों असें वाचकांस वाटूं नये. तो मला चुकून कळला, आणि ती चूक माझी होती.

गेल्या डिसेंबरांत आम्हीं मैदानावर मार्ग तयार केला. ट्रॅक्टरचे जुने टायर, जमिनीपासून हातभर उंचीवर बांधलेला बांबू, खणलेला चर, सोलाचें जाळें, आणि शेवटीं सात फुटांची लांकडी भिंत. भिंतीपलीकडे उसाचें पाचट भरलेलीं पोतीं रचलीं होतीं आणि दोन्ही बाजूंस एकेक शिक्षक उभा होता. दोन तुकड्यांचे संघ सहा-सहा जणांचे. शर्यतीच्या आदल्या दिवशीं दुसऱ्या तुकडीचा एक मुलगा आजारी पडला व त्यांचे पांच उरले. तेव्हां पहिल्या तुकडीचा नायक माझ्याकडे येऊन म्हणाला, “सर, मग आम्हीही पांचच धांवतों. एकाला बसवतों.” टी.व्ही.वर असेंच करतात, हेंही त्यानें सांगितलें. संख्या सारखी झाली म्हणून मीं हो म्हटलें. कोणास बसविणार हें मीं विचारलें नाहीं. विचारण्याची गरज नव्हती, मला ठाऊक होतें.

तो मुलगा अंगानें जड आहे. शर्यत चालू असतां तो इतरांच्या चपला व पाण्याच्या बाटल्या संभाळीत कडेला उभा होता. त्याचा संघ जिंकला, आणि सर्वांनीं टाळ्या वाजविल्या, त्यानेंही वाजविल्या. दुसऱ्या दिवशीं तो शाळेंत आला नाहीं. तिसऱ्या दिवशींही नाहीं. चौथ्या दिवशीं त्याची आई आली. शिक्षकांच्या खोलींत बसावयास ती तयार नव्हती, दारांतच उभी राहून म्हणाली, “सर, पोरगं म्हणतंय शाळंत जायाचं न्हाई. आमचा ऊस भरताना मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढतंय की ते. तुमची भिंत काय लई मोठी हाय का?”

मला उत्तर देतां येईना. भिंत सात फुटांची होती. त्या मुलास ती चढतां येते कीं नाहीं हें आमच्यापैकीं कोणीं पाहिलेंच नव्हतें.

जानेवारींत आम्हीं पुन्हा मार्ग मांडला. या खेपेस बक्षिसाशिवाय. सहाही जण धांवले. टायरांत तो मागें पडला, हें खरें. बांबूवर मात्र तो सर्वांत सरळ चालला. पाय कोठें टाकावा हें त्यास कोणी सांगावें लागलें नाहीं. भिंतीपाशीं मुलांनीं त्यास आधीं ढकलावयास घेतलें. वर कोणी नव्हतें. तो अर्ध्यावर लोंबकळला आणि खालचे दोघे बसकण मारून बसले. दुसऱ्या वेळीं त्यास शेवटीं ठेवून पाहिलें. तें तर त्याहून वाईट. मग त्यानेंच म्हटलें, “सर, दोघं वर जाऊं द्या, मग मी.” ऊस भरतांनाही एक वर असतो व एक खालून मोळी देतो, असें त्याचें म्हणणें. तिसऱ्या वेळीं तो तिसरा चढला. वर गेल्यावर मात्र उडी टाकीना. माथ्यावर पोट टेकून त्यानें मागच्या तिघांस एकामागून एक असें ओढून घेतलें कीं, शेवटच्या मुलाचे पाय भिंतीस लागलेच नाहींत. त्या दिवशीं संघाची वेळ डिसेंबरांतील पांच जणांच्या वेळेपेक्षां ६ सेकंदांनीं जास्त भरली. तीं ६ सेकंद कोठें गेलीं हें मीं घड्याळ लावून पाहिलें आहे. तीं टायरांत गेलीं.

यंदाच्या खेळांत ही शर्यत मुलांच्या व मुलींच्या निरनिराळ्या संघांसाठीं होईल. संघ सहा जणांचा. चिठ्ठ्या टाकून करण्यांत येईल. एखाद्या संघांत कोणी आजारी पडल्यास दुसऱ्या संघांतील कोणास बाहेर बसवितां येणार नाहीं. कमी पडलेल्या संघांतील एक गडी दोनदां धांवेल. वेळ शेवटच्याची धरली जाईल. भिंत सात फुटांचीच राहील, दहाची होणार नाहीं, याची पालकांनीं खात्री बाळगावी. मागल्या वर्षीं टायर कमी पडले. ज्यांच्या घरीं ट्रॅक्टरचे जुने टायर, मोकळीं पोतीं व विहिरीवरचे सोल पडून असतील, त्यांनीं ते नाताळपूर्वीं शाळेंत पोंचते करावे. सोल नायलॉनचा नको. तो हातांस काचतो. काथ्याचा चालेल.